सागरगामिनी : त्र्यंबकपासून अंतर्वेदीपर्यंत आणि पुढे सोपाऱ्यापर्यंत

शनिवार : मुंबई ते त्र्यंबकेश्वर

गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे आणि तरीही ती १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. शाळेत हे आपण पाठ केलेले असते. परंतु मुंबईहून नाशिक महामार्गाने निघून कसारा घाट चढला, की त्याचे कारण समोर उभे राहते. कोकणच्या बाजूला सह्याद्री एकदम तुटलेला आहे आणि इगतपुरीच्या पुढे जमीन पूर्वेकडे इतकी सावकाश उतरत जाते, की उतार आहे हे लक्षातही येत नाही. पावसाचेही तसेच आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या नाशिकात तो सातशेच्या घरात येतो. म्हणजे गोदावरीला जे काही घ्यायचे ते या अरुंद पट्ट्यातच घ्यावे लागते. पुढे कित्येक कोस तिला मोठी भर नाही.

घोटीहून त्र्यंबककडे वळल्यावर ऊर्ध्व वैतरणेचा जलाशय लागला. वैतरणा त्र्यंबकच्याच डोंगररांगेत उगम पावते, पश्चिमेला येते आणि तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबईच्या नळांना येते. एकाच डोंगराच्या दोन मुलींपैकी एक आमच्या वाट्याला आली आणि दुसरी पाठ फिरवून निघून गेली. त्या दुसरीच्या मागे तिच्या सासरपर्यंत जायचे, असा या प्रवासाचा बेत होता.

बरोबर सौ. होती आणि तिचे मामा होते. मामांनी गिरगावातल्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले, आणि त्यांच्या पिशवीत कपड्यांपेक्षा अरण्यकांडाचे आणि वनपर्वाचे वजन अधिक होते. निघतानाच त्यांनी अट घातली होती : वाटेतली स्थलमाहात्म्ये सगळी ऐकायची, कोणाशी वाद घालायचा नाही, मात्र रामायण-महाभारतात काय आहे आणि नंतरच्या पुराणांत काय आले, याची सरमिसळ करायची नाही. ही अट पाळणे किती अवघड आहे, हे दुसऱ्याच दिवशी कळले.

रविवार : ब्रह्मगिरी

गोदावरीच्या जन्माची कथा प्रत्येक मराठी घरात माहीत असते. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय, त्यांच्या हातून घडलेली गोहत्या, त्या पापातून सुटण्यासाठी केलेले तप आणि शंकराच्या जटेतून ब्रह्मगिरीवर उतरलेली गंगा. गंगाद्वाराच्या पायऱ्या चढताना ही कथा आम्ही निरनिराळ्या तोंडांनी ऐकली. मामा शांतपणे ऐकत होते. वर पोहोचल्यावर ते म्हणाले, "ही कथा ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्याची. वाल्मीकींच्या गोदावरीला जन्मकथाच नाही. राम तिथे येतो तेव्हा ती वाहतच असते."

हा फरक मला महत्त्वाचा वाटला. महाकाव्याला गोदावरी कशी आली याच्याशी कर्तव्य नाही. तिच्या काठी काय आहे, एवढेच त्याला हवे आहे. उगमाची ओढ नंतरच्या तीर्थयात्रेची आहे.

भूगोलाच्या दृष्टीने ब्रह्मगिरी म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. काही थर सच्छिद्र आणि काही घट्ट असल्यामुळे वरून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोहोंच्या सांध्यातून बाहेर झिरपते. समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटर उंचीवर गोदावरीचा उगम मानतात तो असाच एक झिरपा आहे. डिसेंबरात त्याची धार बोटाएवढी होती. खाली गावात कुशावर्तावर स्नान करणाऱ्यांची गर्दी होती आणि तिथून पुढे नदी घरांच्या आणि रस्त्याच्या खालून जाते, त्यामुळे गाव संपेपर्यंत ती धड दिसतही नाही.

सोमवार : नाशिक, पंचवटी

रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन हा क्रम ठरलेला आहे आणि त्याबद्दल नव्याने लिहिण्यासारखे थोडेच आहे. काळारामाच्या पूर्वदारापाशी मात्र थांबलो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच देवळासाठी होता, आणि पंचवटीत रामाबरोबर तो इतिहासही आठवला पाहिजे. रामकुंडापाशी नदीचा तळ आणि काठ काँक्रीटने बांधलेले आहेत. वर गंगापूर धरण आहे. त्यामुळे इथे दिसते ते कुंडात थोपवलेले पाणी. वाहती नदी पावसाळ्यातच दिसायची.

दुपारी गोदाकाठच्या एका ओट्यावर बसून मामांनी अरण्यकांड उघडले. अगस्त्य रामाला सांगतात :

इतो द्वियोजने तात बहुमूलफलोदकः।
देशो बहुमृगः श्रीमान् पञ्चवट्यभिविश्रुतः॥

इथून दोन योजनांवर कंदमुळे, फळे, पाणी आणि हरणे यांनी संपन्न असा पंचवटी नावाचा प्रदेश आहे, आणि गोदावरीच्या जवळ असल्यामुळे मैथिली तिथे रमेल. आता प्रश्न असा, की अगस्त्यांचा आश्रम कुठे? महाराष्ट्राची परंपरा प्रवरेकाठच्या अकोल्याला अगस्तींचे स्थान दाखवते. पण अकोले ते नाशिक हे सरळ अंतरही पन्नास किलोमीटरांहून अधिक भरते, आणि योजन साधारण बारा-तेरा किलोमीटरांचे धरले तर दोन योजनांत ते बसत नाही. योजनाचे मान ठिकठिकाणी वेगळे होते, असे म्हणून सुटका करून घेता येते. मामांना अशी सुटका आवडत नाही. त्यांचे म्हणणे असे, की कवीने मोजपट्टी धरलेली नव्हती. 'जवळच आहे' एवढेच त्याला सांगायचे होते.

मात्र नदीचे वर्णन करताना वाल्मीकी मोघम राहत नाहीत. राम लक्ष्मणाला गोदावरी दाखवतो ती आश्रमापासून 'नातिदूरे न चासन्ने' आहे, म्हणजे फार लांबही नाही आणि अगदी लागूनही नाही. पूर येणाऱ्या नदीकाठी पर्णकुटी बांधणाऱ्याने ठेवायचे अंतर हेच. पुढच्याच सर्गात हेमंत येतो. पहाटे स्नानाला निघालेला लक्ष्मण धुके, दव आणि गार पाण्याचे वर्णन करतो आणि याच वेळी भरत शरयूच्या थंड पाण्यात कसा उतरत असेल, या विचाराने कासावीस होतो. आम्हीही हेमंतातच तिथे होतो. नाशिकच्या थंडीत पहाटे रामकुंडात उतरणारी माणसे पाहिली, तेव्हा त्या सर्गासाठी वेगळ्या टीकेची गरज उरली नाही.

अरण्यकांडात गोदावरीचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र तिच्या मौनाचा आहे. रावण उचलून नेत असताना सीता वृक्षांना, पर्वताला आणि नदीला हाक मारते : हंस-सारसांच्या आवाजाने भरलेल्या गोदावरीला मी वंदन करते, रावण सीतेला नेतो आहे हे रामाला लवकर सांगा. नंतर राम वेड्यासारखा शोधत येतो, नदीला विचारतो, भोवतालची भूतेही तिला 'सांग' म्हणून विनवतात, आणि रावणाच्या धाकाने गोदावरी बोलत नाही. जिला पुढे सगळ्यांनी पापनाशिनी म्हटले, तिला आदिकवीने भित्री दाखवले आहे. रामकुंडावर हा प्रसंग कोणी सांगत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे.

संध्याकाळी पांडवलेणी चढलो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने कुठे कुठे धर्मशाळा बांधल्या, कोणत्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या याची ती यादी आहे. तीत नाशिकजवळचे गोवर्धन आहे, तसेच शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे आहे. आणि 'शोर्पारगे च रामतीर्थे' असा स्पष्ट उल्लेख आहे. मामांनी ते शब्द वहीत उतरवून घेतले आणि म्हणाले, "याचा उपयोग शेवटी होणार आहे."

मंगळवार : नांदूर मध्यमेश्वर, प्रवरासंगम, पैठण

ज्यांना वाल्मीकींची गोदावरी पाहायची असेल, त्यांनी रामकुंडाऐवजी नांदूर मध्यमेश्वरला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे. त्याच्या मागे गाळ साचून उथळ पाणथळ झाली, आणि तीच पक्ष्यांना मानवली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले स्थळ. सकाळच्या धुक्यात शेकडो बदके पाण्यावर होती आणि त्यांत केशरी अंगाच्या जोड्या उठून दिसत होत्या. वाटाड्या मुलगा म्हणाला, "हे चक्रवाक, साहेब. ब्राह्मणी बदक पण म्हणतात. थंडीतच येतात." मामांनी लगेच अरण्यकांडातला श्लोक म्हटला, फुललेल्या झाडांनी वेढलेली, हंस-कारंडवांनी भरलेली आणि चक्रवाकांनी शोभणारी ही रम्य गोदावरी :

इयं गोदावरी रम्या पुष्पितैस्तरुभिर्वृता।
हंसकारण्डवाकीर्णा चक्रवाकोपशोभिता॥

चक्रवाक हा उत्तरेकडून येणारा पक्षी. पाऊस सरल्यावर तो दख्खनच्या पाणथळींवर उतरतो आणि उन्हाळ्याआधी परततो. राम पंचवटीत आल्यानंतर शरद सरून हेमंत लागल्याचे कवी सांगतो, म्हणजे पक्षी आणि ऋतू यांचा मेळ बरोबर बसतो. अर्थात चक्रवाक हा संस्कृत कवींच्या ठेवणीतला पक्षी आहे आणि तो कुठल्याही नदीवर बसवता येतो, हे मामांनीच लगेच जोडले. तरी गोदावरीवर तो खरोखर असतो, ही गोष्ट उरतेच.

पुढे कालव्यांचा आणि उसाचा मुलूख. प्रवरासंगमावर थोडा वेळ थांबलो. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच प्रवरेवर, इथून जवळच आहे.

पैठणला नदी नाहीशी होते आणि तिच्या जागी नाथसागर दिसतो. जायकवाडीच्या मातीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आणि उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. पावसाच्या पट्ट्यातून आलेले पाणी इथे मराठवाड्यासाठी अडवले जाते, आणि ते वरच्या धरणांतून किती सोडायचे यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात जवळजवळ दर तुटीच्या वर्षी वाद होतो. हे सातवाहनांचे प्रतिष्ठान. रामकथेच्या दृष्टीने पैठणचे महत्त्व एकनाथांमुळे आहे. गोदावरीकाठीच त्यांनी भावार्थरामायण लिहायला घेतले, ते युद्धकांडापर्यंत आले असता १५९९ साली त्यांनी देह ठेवला, आणि उरलेला भाग शिष्य गावबाने पूर्ण केला. नाथसमाधीच्या मागच्या घाटावरून दिसणारी नदी धरणाच्या खालची, म्हणून क्षीण आहे.

बुधवार : रेल्वेने बासरमार्गे

छत्रपती संभाजीनगरहून सिकंदराबादच्या गाडीत बसलो. नांदेड ओलांडून बासरजवळ गाडी गोदावरीच्या पुलावरून गेली. बासरला व्यासांनी तप केले आणि रोज नदीतली तीन मुठी वाळू आणून देवीची मूर्ती घडवली, असे स्थानिक सांगतात. महाभारतात याचा आधार नाही, पण दोन्ही महाकाव्यांचे धागे एका नदीला बांधण्याची लोकांची हौस त्यातून दिसते. या टप्प्यात खडक बदलतो. काळा बेसाल्ट मागे पडतो आणि ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे रुळांच्या दोन्ही बाजूंना दिसू लागतात.

गुरुवार : भद्राचलम आणि पर्णशाला

रात्रीच्या गाडीने कोत्तगुडेमला उतरून मोटारीने भद्राचलमला आलो. इथली गोदावरी पाहून सौ.ने विचारले, "अहो, ही तीच का?" प्रश्न योग्य होता. वर्धा आणि वैनगंगा यांच्या पाण्याने भरलेली प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या एकूण ३,१२,८१२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या प्राणहितेचे आहे. त्यानंतर बस्तरची इंद्रावती येते. पैठणला जी ओढ्यासारखी होती ती इथे क्षितिजाएवढी रुंद असते, ते विदर्भाच्या आणि बस्तरच्या जिवावर. महाराष्ट्रात आपण गोदावरीला नाशिकची समजतो. पाण्याच्या हिशेबाने पाहिले तर ती नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीचीच अधिक आहे.

भद्राचलमचे राममंदिर सतराव्या शतकात कंचर्ला गोपन्ना या तहसीलदाराने बांधले. सरकारी वसुलीचे पैसे देवळाला लावल्याबद्दल कुतुबशाही सुलतान तानाशाहाने त्याला गोवळकोंड्याच्या तुरुंगात टाकले, आणि तिथे त्याने रचलेली पदे आजही तेलुगू घरांत गायली जातात. तिथून सुमारे ३५ किलोमीटरवर पर्णशाला हे गाव आहे आणि तीच खरी पंचवटी, असे इथल्या प्रत्येक माणसाचे ठाम मत आहे. सीतेने लुगडी वाळत घातली म्हणून रंगीत पट्टे उमटलेला खडक दाखवतात, ती जिथे स्नान करी तो ओढा दाखवतात. पुजाऱ्याला आम्ही मुंबईहून आलो आणि वाटेत नाशिकची पंचवटी पाहिली हे कळले, तेव्हा तो समजूतदारपणे हसला.

मग कोणते खरे? रात्री मामांनी दोन्ही बाजू मांडल्या. वाल्मीकींच्या पंचवटीभोवती साल, ताल, तमाल आहेत. साल नाशिकच्या सह्याद्रीत होत नाही, बस्तरात तो भरपूर आहे. तिथले डोंगर सोने, रुपे आणि तांबे यांच्या रंगाच्या पट्ट्यांनी सजलेले आहेत. नाशिकच्या काळ्या पाषाणापेक्षा हे पूर्वेकडच्या खडकांना अधिक शोभते. उलट, 'बहुकन्दराः' म्हणजे पुष्कळ गुहांचे डोंगर म्हटले की डोळ्यांसमोर सह्याद्री येतो, आणि सालवृक्ष हा अशा याद्यांत छंदासाठीही येतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे, की वाल्मीकींनी नदी पाहिलेली किंवा नीट ऐकलेली होती, पण गाव सांगितलेले नाही. किष्किंधाकांडात सुग्रीव वानरांना दक्षिणेकडे पाठवताना नर्मदा, मग 'गोदावरीं रम्याम्', मग कृष्णवेणी असा क्रम सांगतो आणि तो अचूक आहे. नद्यांचा क्रम त्याला ठाऊक होता. एवढ्या लांब नदीवर एक पर्णकुटी नेमकी कुठे ठेवायची, हे त्याने नंतर आलेल्यांवर सोडले, आणि ते दोन ठिकाणी ठेवून मोकळे झाले.

शुक्रवार : पापिकोंडलू

कूनवरमला शबरी नदी गोदावरीला मिळते. नावामुळे रामायणातली शबरी इथे आणली जाते, परंतु वाल्मीकींची शबरी पंपा सरोवराकाठी आहे. पोचावरमच्या घाटावरून लाँचने पापिकोंडलूच्या खिंडीत गेलो. पूर्वघाट इथे नदीला आडवा येतो, आणि किलोमीटरभर पसरलेले पात्र काही शे मीटरांत कोंडते. दोन्ही बाजूंनी झाडीने भरलेले डोंगर सरळ पाण्यात उतरतात. या सगळ्या प्रवासात दंडकारण्य हा शब्द मनात आला तो इथेच. खाली पोलावरमच्या धरणाचे काम चालू आहे; ते पूर्ण भरले की खिंडीच्या वरची अनेक आदिवासी गावे पाण्याखाली जाणार आहेत आणि काठच्या काही वस्त्या आधीच उठलेल्या आहेत.

शनिवार : राजमहेंद्री, धवळेश्वरम, अंतर्वेदी

राजमहेंद्रीच्या घाटावर एक गोष्ट नव्याने समजली. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो, आणि त्याच वेळी इथे गोदावरीचे पुष्करम असते. २०१५ साली दोन्हींचा प्रारंभ एकाच दिवशी, १४ जुलैला झाला. आपण कुंभाला प्रयाग, हरिद्वार आणि उज्जैनच्या माळेत बसवतो. पण याच नदीच्या दुसऱ्या टोकालाही त्याच मुहूर्तावर लोक पाण्यात उतरतात, याची आपल्याकडे फारशी दखल नसते.

धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात बांधलेल्या बंधाऱ्याच्या जागी आता नवे बॅरेज आहे. १८३०च्या दशकातल्या दुष्काळांनी उजाड झालेला हा त्रिभुज प्रदेश त्या बंधाऱ्याने भाताचे कोठार केला, आणि इथे कॉटनचे पुतळे गावोगाव आहेत. ऑगस्ट १९८६च्या पुरात याच ठिकाणी ३५ लाख क्युसेकहून अधिक पाणी वाहिले होते. बॅरेजच्या खाली नदी गौतमी आणि वसिष्ठ अशा दोन मुख्य फाट्यांत विभागते. परंपरा सात फाटे मोजते आणि त्यांना ऋषींची नावे देते. वसिष्ठेच्या काठाने नारळीच्या बागांतून अंतर्वेदीला पोहोचलो. तिथे लक्ष्मीनरसिंहाच्या देवळापलीकडे गढूळ पाणी आणि समुद्र यांची सीमा स्पष्ट दिसते.

महाभारताची गोदावरी इथे आहे. वनपर्वात धौम्य दक्षिणेची तीर्थे सांगताना सुरुवात तिच्यापासून करतात, 'बह्वारामा बहुजला तापसाचरिता शुभा', म्हणजे पुष्कळ बागांची, पुष्कळ पाण्याची, तापसांनी सेवलेली. बागा आणि भरपूर पाणी ही दोन विशेषणे ब्रह्मगिरीला लागू पडत नाहीत. इथे ती जशीच्या तशी पटतात. पुढे पांडव प्रत्यक्ष यात्रेला निघतात तेव्हा त्यांचा मार्ग कलिंगातली वैतरणी, महेंद्र पर्वत आणि मग समुद्रकाठाने दक्षिणेकडे असा आहे, आणि युधिष्ठिर 'गोदावरीं सागरगामगच्छत्', समुद्राला जाणाऱ्या गोदावरीला पोहोचला. ओडिशाकडून किनाऱ्याने येणाऱ्याला ती मुखापाशीच भेटणार. रामायण नदीकडे अरण्यातून पाहते, महाभारत समुद्रावरून; एकाने तिच्या काठी घर केले, दुसऱ्याने स्नान, तर्पण आणि दान करून पुढचा रस्ता धरला. नदी एकच असली तरी दोन्ही ग्रंथांना दिसलेला तिचा भाग वेगळा आहे, हे मला अंतर्वेदीच्या वाळूवर उभे राहून जितके स्वच्छ दिसले तितके घरी वाचताना कधी दिसले नव्हते.

परतल्यावर : नालासोपारा

कोणार्क एक्स्प्रेसने मुंबईला आलो, पण मामांच्या मते यात्रा संपलेली नव्हती. गोदावरीनंतर पांडव द्रविड देशात जातात, अगस्त्यतीर्थ आणि नारीतीर्थे करतात आणि क्रमाने येत 'शूर्पारकं पुण्यतमं ददर्श', अतिशय पवित्र अशा शूर्पारकाला, म्हणजे सोपाऱ्याला येतात. वनपर्वातल्या तीर्थांच्या आधीच्या यादीतही जामदग्न्य रामाने, म्हणजे परशुरामाने सेवलेले शूर्पारक, तिथले रामतीर्थ आणि त्याला लागूनच 'सप्तगोदावरे स्नात्वा' असा क्रम येतो. सात मुखांची गोदावरी पूर्व किनाऱ्यावर आणि शूर्पारक पश्चिमेला, तरी श्लोकांत ती शेजारी आहेत.

म्हणून रविवारी दादरहून विरार लोकलने नालासोपाऱ्याला गेलो. गर्दीच्या रस्त्यांतून बुरूड राजाच्या कोटापाशी, म्हणजे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेल्या स्तूपापाशी पोहोचलो. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पांडवलेण्यातल्या लेखाची वही मामांनी इथे उघडली. पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शोर्पारगातले रामतीर्थ इथल्या चरकांच्या, म्हणजे चरक शाखेच्या ब्राह्मणांच्या परिषदांना उषवदाताने नानंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडे दिली होती. महाभारतातले रामतीर्थ आणि नाशिकच्या कातळात कोरलेले रामतीर्थ एकाच गावचे आहे, आणि हा राम दाशरथी नसून परशुराम आहे. म्हणजे गोदावरीच्या उगमाजवळचे गोवर्धन आणि पश्चिम समुद्रावरचे शूर्पारक दुसऱ्या शतकाच्या सुमारास एकाच दात्याच्या यादीत होते, आणि घाटावरून बंदरापर्यंतची वाट व्यापाऱ्यांइतकीच यात्रेकरूंचीही होती.

शूर्पारकाहून युधिष्ठिर समुद्राचा काही भाग ओलांडून एका प्रसिद्ध वनात जातो आणि पुन्हा शूर्पारकाला परततो, असे पुढे येते. सोपाऱ्याच्या दक्षिणेला वसईची खाडी आहे आणि उत्तरेला वैतरणेचे मुख. बंदर होते त्या काळी गावाभोवतीच्या गाळाने भरलेल्या जागांतूनही भरतीचे पाणी येत असणार. ओलांडलेला 'उदधि' यांपैकी कोणता, यावर मामांचा कौल वसईच्या खाडीला आणि माझा वैतरणेला पडला. परतीच्या लोकलमध्ये वसई रोड येईपर्यंत आमचा तोच वाद चालू होता.